दुसऱ्या गटातला बुवा

लॉटरी? म्हणजे मॅडम, माझं पोट तुम्ही लॉटरीवर लावलंत? — नाही, आधी बसा. उभ्यानं असलं काही सांगू नये माणसाला. ती खुर्ची ओढा, झांजा खाली ठेवा — वाजू देत हो, बाहेर एवढा स्पीकर कोकलतोय, कुणाला ऐकू जातंय. पूजेचा प्रसाद घेतलात? घ्या जाताना, आमच्या मंडळाचा शिरा चांगला असतो. मी नाही घेतला. सकाळपासून पोटात काही टाकलेलं नाही मी. तर काय म्हणत होतात — कॉम्प्युटरनं चिठ्ठी काढली. ज्याचं नाव इकडे पडलं तो इकडच्या गटात, तिकडे पडलं तो तिकडच्या. तुमच्या हातात काही नव्हतं. बरं. मग हे सहदेव बुवा, म्हणजे मी, कुठे पडलो? हो, सांगितलंत, गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलंत, पण तेव्हा मी एका सोसायटीच्या लिफ्टच्या टपावर उभा होतो, एका हातात पाना, एका हातात मोबाइल, वर काळोख, खाली काळोख — मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. म्हणून आता तोंडावर सांगा. दुसऱ्या गटात. आणि दुसऱ्या गटाला औषध काय होतं? माहिती आणि गप्पा. गप्पा! दर बुधवारी मी साहेबाच्या हातापाया पडून हाफ डे टाकायचो, बायकोला सांगायचो की उपचार चालू आहेत, घाम पुसत तुमच्या त्या खोलीत येऊन बसायचो — आणि तुमच्या लेखी त्या गप्पा.

सही? केली ना. नाही कुठे म्हणतोय? वाचूनही दाखवलं असेल तुम्ही, दोन पद्धतींची तुलना करायची आहे असं काहीतरी होतं त्यात, मी मान हलवली. पण मॅडम, दुखणं घेऊन आलेला माणूस सही करतो ना, ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून करतो. कागद कोण बघतो. तुम्ही पहिल्यांदा अशा पुढे वाकून विचारलंत — काका, हे कधीपासून आहे? — आणि मी आपली सही केली. तुम्ही तो कागद चंद्रावर जायचा पुढे केला असता तरी केली असती. हे तुम्हाला तिकडे शिकवत नाहीत का? एवढी वर्षं राहून आलात परदेशात, पोटाचं आणि मनाचं एवढं मोठं शिक्षण घेऊन आलात — नाही, रागावून नाही म्हणत. बरं, रागावून म्हणतोय.

मी काय घेऊन आलो होतो तुमच्याकडे आठवतं? पिशवीभर रिपोर्ट. सोनोग्राफी, वरून घालायची दुर्बीण, खालून घालायची दुर्बीण — सगळं नॉर्मल. त्या शब्दाची मला शिसारी बसली होती. घाटकोपरच्या त्या मोठ्या डॉक्टरनं रिपोर्ट असे पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही, आय.बी.एस. आहे, मनाचं असतं हे, टेन्शन घेऊ नका. आता हे 'मनाचं' आमच्या घरात कसं ऐकलं गेलं सांगू? नाटक. रत्नप्रभानं — माझी बायको — तोंडानं नाही म्हटलं तसं, पण तिनं माझ्यासाठी वेगळा मऊ भात लावणं बंद केलं. मनाचंच आहे ना, मग खा आमटी. आणि तिचा भाऊ, श्यामसुंदर, त्याचं उलटंच. तो म्हणतो मनाचंबिनाचं काही नाही, भावोजींना घातलंय. घातलंय म्हणजे काय ते तुम्हाला पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं, आठवतं? तुम्ही विचारलंत, काय घातलंय? कपडे? — हसलो होतो तेव्हा आपण. खायला घातलंय. करणीचं काहीतरी. कुणी? तर दिपेशनं, चहातून. भजनाच्या बारीच्या आधी त्यानं माझ्या हातात कप दिला होता, सगळ्यांनी बघितलं होतं. झालं. मग गावाला जाऊन देवाला गाऱ्हाणं घाल, अमक्याकडे जाऊन उतरवून घे, आणि मी — मी, ज्यानं दिपेशला पेटीवर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं — वर्षभर कुणाच्या घरचा चहा प्यायलो नाही. लोकांच्या दारात जाऊन नको म्हणायचो. आमच्यात चहाला नको म्हणणं म्हणजे काय असतं? तोंडावर थुंकणं असतं. पण भीती, मॅडम. एका बाजूला डॉक्टर म्हणतो काही नाही, दुसऱ्या बाजूला मेव्हणा म्हणतो सगळं काही आहे, आणि मध्ये मी, वॉचमनच्या संडासाची किल्ली मागत फिरतोय. मुलुंडमधल्या कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टवाल्याला संडास वापरू देतो आणि कुठला नाही — विचारा, झोपेतून उठवून विचारा.

आणि मग तुम्ही. तुम्ही म्हणालात, काका, दुखणं खरं आहे. जखम सापडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. पोट आणि डोकं यांची आपसात सतत बोलणी चालू असतात, तुमच्यात ती बोलणी जरा बिघडलीत, पोटात साधं काही हललं तरी डोकं घंटा वाजवतं, आणि घंटा वाजली की पोट आणखी आवळतं. मी म्हटलं, अहो हे तर लिफ्टच्या ओव्हरलोडसारखं झालं, सेन्सर बिघडला की एक पोर चढलं तरी लिफ्ट टीं टीं करत बसते आणि दार लागत नाही. तुम्ही टाळी वाजवलीत. वसुधा मॅडमनी माझ्या बोलण्यावर टाळी वाजवली. घरी गेलो, रत्नप्रभाला सांगितलं, खरं आहे म्हणाल्या. दुखणं खरं आहे म्हणाल्या. तिनं मऊ भाताला दुसरं पातेलं काढलं.

मग आता मला सांगा, दुखणं खरं म्हणालात आणि औषध खोटं दिलंत, हे कसलं वागणं झालं?

हां, खोटं नव्हतं. काय होतं मग? — हो हो, कळतं, मी काही अडाणी नाही. आम्हीसुद्धा लिफ्टचा नवा रोप, तो तारेचा दोर, टाकायच्या आधी जुन्याच्या शेजारी टांगून बघतो. दोन्ही गटांना सारखाच वेळ, सारखीच खुर्ची, फक्त एका गटाला तुमची ती पोट शांत करायची विद्या शिकवायची आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे गुण विद्येचा की नुसत्या खुर्चीचा ते कळेल. कळलं. बरोबर आहे. पण रोपाला माहीत नसतं ना मॅडम, की आपण कुठला. आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही स्वतः माझ्यासमोर बसत होतात. पहिल्या गटाकडे ते दुसरे डॉक्टर, आमच्याकडे तुम्ही. मी बोलत होतो, तुम्ही ऐकत होतात, आणि तुम्हाला पूर्ण वेळ माहीत होतं की याला काही द्यायचं नाहीये.

काय? साखरेच्या गोळ्या? तोंडावर सांगून दिल्या? यात औषध नाही म्हणून सांगितलं तरी लोकांना गुण आला — याच आजारात? येत असेल. तिकडची माणसं वेगळी. बरं, माणसांचं सोडा, गोळीचं बघा. गोळी काय माणसाकडे बघून पुढे वाकते? गोळी विचारते, मग पुढे काय झालं काका?

कोण आहे? — राजेश, हां, दोन मिनिटं रे. पखवाज तापव तू. दिपेशचं मंडळ आलं? बसले? बसू दे. सांग बुवा कपडे बदलतायत. — आमचा पखवाजवाला आहे. चांगला आहे, पण त्याला काळजी पडलीय, तोंड बघितलंत त्याचं? ते बघा, आता परत डोकावेल. त्या दिवशी विक्रोळीला पण तोच होता माझ्या उजव्या हाताला.

तुम्हाला डबलबारी म्हणजे काय तेसुद्धा मीच सांगितलं. तुम्ही लहानपणीच बाहेर गेलात, तुम्हाला कुठून माहीत असणार. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकानं गायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि त्यातली खोड काढून त्याला उलट गायचं, आणि बाहेर हॉलभर आपली गाववाली माणसं, काय अभंगाला मान डोलवतील आणि काय टोमण्याला शिट्टी मारतील. आणि बुवा एकदा पेटीवर बसला की सामना संपेपर्यंत उठत नाही. समोरचा गात असला तरी नाही. उठला तर पाठ दाखवली असं धरतात. लिहिलेला नियम नाही, कुठे लिहायचा, पण माझ्या गुरूंनी अंगात ताप असताना बारी काढलेली मी बघितलीय. आणि मी उठलो. विक्रोळीला, भर गजरात, मी पेटी सोडून उठलो आणि धोतर सावरत मागे पळालो. मागे संडास कुठे आहे ते मी आल्या आल्या बघून ठेवलं होतं, तेवढं शहाणपण होतं. आणि मी आत बसलेला असताना बाहेर दिपेशनं सूर धरला — 'विठ्ठल उभा विटेवरी, बुवा पळाले मोरीवरी!' कोरसनं उचललं. माझ्या कोरसनंसुद्धा उचललं मॅडम, एकदा उचललं आणि मग जीभ चावली. मला आत सगळं ऐकू येत होतं. चाल चांगली होती. खरंच चांगली होती, सम अशी जागेवर येऊन पडत होती — मीच शिकवलेली.

तुम्ही विचारलंत, पुढे? मी म्हटलं पुढे काय, कुणीतरी मोबाइलवर काढलं, गावच्या ग्रुपवर टाकलं, कणकवलीपासून विरारपर्यंत लोकांनी बघितलं. तुम्ही परत म्हणालात, पुढे? आणि मी सांगितलं. आता कसं सांगितलं, काय माहीत. त्या क्लिपमध्ये कडेला आमचा नितेश दिसतो. माझा मुलगा. तो माझ्याबरोबरच आला होता, माझी पेटी त्यानंच उचलून आणली होती. हसतोय. गालातल्या गालात नाही, मान मागे टाकून हसतोय, जसा लहानपणी हसायचा. आणि मी ती क्लिप किती वेळा बघितली — लोकांना वाटतं मी दिपेशला बघतो. रत्नप्रभाला माहीत नाही. नितेशला माहीत नाही की मला माहीत आहे. तो अजून रविवारी विचारतो, बाबा, पोट कसं आहे, मी म्हणतो बरं आहे, आणि आम्ही दोघं जेवतो. हे मी देवापुढे बोललो नव्हतो. हे मी तुमच्या त्या माहिती आणि गप्पांमध्ये बोललो. कुठे नोंदवलंत ते? माहितीत की गप्पांत?

असो. नाही, पाणी नको. पाणी प्यायलो की सुरू होईल.

तर मी सुधारलो. हे तुम्हीही नाकारू नका. महिन्यात फरक पडला. इसबगोलचा डबा रत्नप्रभानं वरच्या फळीवर टाकला. मी चहा प्यायलो — भांडुपला, बारीच्या आधी, दुसऱ्या बुवाच्या हातचा, सगळ्यांसमोर, आणि वर दुसरा कप मागितला. श्यामसुंदरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि बसलो! पूर्ण बारी बसलो. पोटात हललं दोनदा, मी मनात म्हटलं, वाजू दे घंटा, एकच पोर चढलंय लिफ्टमध्ये, आणि गेलो पुढे. खाली उतरल्यावर लोक पाया पडले. आणि त्या जोरावर — त्या जोरावर मी मंडळाला सांगितलं, आता दिपेशच घ्या. माघाच्या पूजेला समोर दिपेशच पाहिजे. मीच मागून घेतलाय हा सामना, मॅडम. बॅनर बघितलात ना बाहेर, गुरू विरुद्ध शिष्य, माझा फोटो केवढा. कुणाच्या भरवशावर लावला? मला वाटत होतं माझ्यावर काहीतरी झालंय, काहीतरी पक्कं, टाका घातल्यासारखं. तिकडून शिकून आलेल्या बाईनं घातलेला टाका आहे, उसवायचा नाही. आणि गेल्या आठवड्यात तुमचा फोन — काका, आनंदाची बातमी, अभ्यास संपला, तुम्ही दुसऱ्या गटात होता, आता तुम्हाला खरा उपचार देता येईल.

खरा. हाच शब्द वापरलात तुम्ही. चुकून वापरलात? चुकून खरं तेच तोंडातून येतं.

तेव्हापासून पोट परत आहे तिथे. त्या दिवशी लिफ्टच्या टपावरून खाली उतरेपर्यंत माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही, बाईमाणूस आहात. आणि सांगायला काय लागतं हो, नाही सांगितलं असतं तर? गप्प बसला असतात तर? आजची बारी होईपर्यंत तरी? — नियम. हां, तुमच्याकडे नियम आहे. सांगावंच लागतं. आमच्याकडे पण नियम आहेत. तुमचा नियम तुम्ही पाळलात, आता माझा मला पाळता येतो का बघा.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. काशीराम नव्हते का, ते रिटायर झालेले, पांढरी टोपीवाले, ते पहिल्या गटात होते. पाण्याच्या कूलरपाशी भेटायचे. एकदा म्हणाले, बुवा, तुमची नदी कुठली? मी म्हटलं कसली नदी? तर म्हणाले, डोळे मिटून बघायची ती, संथ वाहणारी, ती मनात वाहायला लागली की पोटातलं सगळं सैल होतं, आमच्या डॉक्टरांनी शिकवलंय. मला वाटलं माझी नदी पुढच्या बुधवारी येईल. आली नाही. मला वाटलं माझा आजार हलका असेल, मला नदीची गरज नसेल. आता फोन आल्यावर काशीरामांना गाठलं, म्हटलं शिकवा. त्यांनी शिकवली बिचाऱ्यांनी, त्यांच्या गॅलरीत बसवून. मी डोळे मिटले, आमची गडनदी डोळ्यांपुढे आणली, पाणी आलं, झाडं आली — आणि पहिला विचार काय आला सांगू? काठावर आडोसा कुठे आहे.

हसा, हसा. मी पण हसलो होतो. काशीराम नाही हसले.

हे बघा, शिकवाल तुम्ही नीट, मला माहीत आहे. आता इथे? दहा मिनिटांत? पहिला धडा? — नको. अहो नको. समोर दिपेश बसलाय मांडी घालून आणि मी इथे डोळे मिटून श्वास मोजू? आणि समजा शिकवलंत. त्या पहिल्या गटातल्या लोकांना किती फरक पडला त्या खऱ्या उपचारानं? आमच्यापेक्षा पुष्कळ? — मोठ्यानं बोला, स्पीकर आहे. — सारखाच? दोन्ही गटांना सारखाच?

थांबा थांबा. म्हणजे काशीरामांची नदी आणि माझ्या फुकटच्या गप्पा, दोन्ही एकाच भावात? मग तुम्ही एवढं तिकडून शिकून आलात ते काय? तुम्हीच सांगायचात ना मला, डोळे असे चमकायचे तुमचे — काका, हा उपचार तिकडे सगळ्यांना माहीत आहे, इथे लोक गोळ्या गिळत मरतायत, मुलुंडच्या लिफ्टवाल्याला तो फुकटात मिळाला पाहिजे, हे एकदा आकड्यांनी दाखवलं की सरकारी दवाखान्यातसुद्धा येईल. आणि आकडे म्हणतात, फरक नाही. मग आता दवाखान्यात काय आणणार? खुर्ची? — गेली, मॅडम. तुमचीही बारी गेली. भर गजरात गेली.

तोंड फिरवू नका. लागलं, माहीत आहे. लागावं म्हणूनच बोललो. बारी खेळणाऱ्या माणसाची जीभ आहे ही, खोड दिसली की सूर धरते. — बरं, कदाचित माणसं कमी पडली असतील. पुढच्या वेळी जास्त घ्या. मला काय कळतंय त्यातलं. कदाचित तुम्ही फार चांगलं ऐकलंत, आणि सगळा हिशेब बिघडला. वाईट ऐकायला हवं होतं. थोडं घड्याळ बघायचंत, मध्येच फोन घ्यायचात, त्या घाटकोपरवाल्यासारखं. मग दिसला असता फरक.

कुठे? त्याच खोलीत? पुढच्या बुधवारी? नाही, तिथे कशी जागा मिळेल तुम्हाला, तिथे आता ती आहारवाली बाई बसते ना, दारावर फळांचं चित्र लावलंय मोठं, आणि तुमचं ते टेबल बाहेर व्हरांड्यात काढलंय, पाय मोडलाय त्याचा — मला? मला कसं माहीत म्हणजे? दिसलं. जाता येता. समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट आमच्याकडे आहे. — नाहीये आमच्याकडे. बरं. जातो. बुधवारी जातो. काय झालं त्यात? घरी सांगितलेलंच नाही मी की संपलं म्हणून, रत्नप्रभा डबा बांधून देते, उपचाराच्या दिवशी वेळेवर खा म्हणते, आता तिला काय सांगू? साहेबानंही धरून ठेवलंय की बुधवार म्हणजे बुवाचा दवाखाना. तर जातो आणि त्या बाकावर बसतो, केसपेपरच्या खिडकीसमोर. कुणाला त्रास नाही देत. शिपाई ओळखतो. बसतो, डबा खातो, आणि जातो. तिथे — आता हे पण लिहून घेऊ नका कुठे — तिथे पोट गप्प असतं. या आठवड्यातसुद्धा होतं, तुमचा फोन येऊन गेल्यावरसुद्धा. आख्खा आठवडा जाळ, आणि तिथे बाकावर गप्प. आता हे कुठल्या गटात घालता?

बघू नका असं माझ्याकडे. दयेचं नकोय मला. म्हणूनच सांगत नव्हतो.

हां राजेश, आलो म्हटलं ना! — सुरू केलं त्यानं. ऐका. दिपेशचा आवाज आहे. नमन करतोय. गळा छान ठेवलाय मेल्यानं. आता तो नमनातच माझं नाव घेईल, गुरुवर्य म्हणेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि मग — नाही, आज तो तसलं काही गाणार नाही. गेल्या महिन्यात घरी आला होता, पाया पडला, म्हणाला बुवा, त्या दिवशी चुकलं. मी म्हटलं, बारीत काही चुकत नाही. पण न गाणं वाईट ना हो मॅडम? समोरच्यानं सांभाळून घ्यायचं, हातचं राखून गायचं, हा आजारी आहे म्हणून — तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय? तिथे पण मी दुसऱ्या गटात.

तुम्ही समोर बसणार म्हणताय? पहिल्या रांगेत? कशासाठी? म्हणजे मला बरं वाटेल? वाटेल ना. तेच तर. मी सगळा वेळ तुमच्याकडेच बघत राहीन, आणि तुम्ही अशाच पुढे वाकून ऐकाल, आणि मी हिशेब करत बसेन की यातलं किती माझ्यासाठी आणि किती अभ्यासासाठी. नको.

एकच सांगा, मग जा. खरं सांगा. ज्या दिवशी मी नितेशचं सांगितलं — तुम्ही पेन खाली ठेवलंत. खिडकीकडे वळलात, काहीतरी शोधल्यासारखं केलंत, आणि डोळे पुसलेत. मला वाटलं मला दिसू नये म्हणून वळलात. मी घरी जाईपर्यंत तेवढंच आठवत होतो, की माझ्या पोरासाठी, माझ्या ह्या घाणेरड्या पोटासाठी कुणीतरी — ता डोळे पुसणा पण ठरलेलाच होता काय गो? दुसऱ्या गटासाठी?

नाही. थांब. बोलू नको. बोलू नको म्हणतो ना! मला तिथे पेटीवर जाऊन बसायचंय, आणि काहीही बोललीस तरी माझ्यानं बसवणार नाही. — राजेश, आलो! धर हा माझा शेला. — मॅडम, मागच्या दारानं जा. हॉलमध्ये थांबू नका.